जुन्या पत्त्यावरचे साडू

आमच्या साडूंनी आयुष्यात कुठलीही जागा पूर्ण सोडलेली नाही. माणसं घर बदलतात, नोकरी बदलतात, गाव सोडतात, नव्या ठिकाणी रुळतात आणि जुन्याला हळूहळू विसरतात. आमचे साडू नव्या ठिकाणी इतरांपेक्षा लवकर रुळतात, पण जुन्या ठिकाणाहून त्यांचा पाय काही निघत नाही. साधं आमच्याकडे जेवायला येण्याचं घ्या. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, ही आपली रीत. आपण ती तोंडदेखली पाळतो, साडू अगदी मनापासून पाळतात. आमच्या पनवेलच्या घरून निघताना ते सोफ्यावरून उठून 'येतो' म्हणतात, दाराशी जाऊन म्हणतात, चपला घालून म्हणतात, आणि लिफ्टचं दार उघडलं की त्यांना काहीतरी आठवतं व ते खरोखरच परत येतात. माझी बायको त्यांची मेव्हणी. ती म्हणते, "भावजी जायला उठले की मी चहाचं आधण ठेवते."

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. रिटायर झाले तेव्हा कंपनीने रीतसर निरोप समारंभ केला, शाल दिली, नारळ दिला, मॅनेजरने गहिवरून भाषण केलं. पुढच्या सोमवारी सकाळी साडू गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत उभे. नव्याने लागलेल्या पोरांना कितीतरी दिवस ते कंपनीचेच कुणी बडे अधिकारी वाटत होते, कारण आत जाण्याआधी जो तो त्यांना नमस्कार करायचा. खंडेनवमीला मशीनच्या पूजेचा नारळ आजही तेच फोडतात. कळंबोलीला मुलीच्या शाळेसाठी त्यांनी काही वर्षं भाड्याने खोली घेतली होती. ती सोडून जमाना झाला, तिथे आता ट्रकवाले राहतात, तरी साडूंची दाढी-कटिंग त्याच गल्लीत होते. घरमालकाने मध्यंतरी त्या खोलीचं कुलूप बदललं, तेव्हा एक किल्ली आपणहून साडूंना आणून दिली. पुढे ते मागणारच, मग कशाला डोक्याला ताप, असा त्याने विचार केला असावा. मोबाइलवरच्या ग्रुपचं तर विचारूच नका. अमुक माणूस ग्रुप सोडून गेला अशी ओळ दिसली की हे त्याला लगेच फोन लावून कारण विचारतात. एकदा आम्ही नातेवाइकांनी लाँचने मुंबईला जायचं ठरवलं होतं, म्हणून कुणीतरी 'उद्या सकाळी मोरा जेट्टी' असा एक ग्रुप काढला. लाँचची फेरी झाली, फोटो टाकून झाले, बाकीचे सगळे यथावकाश बाहेर पडले. साडू आणि मी उरलो. मी उरलो तो आळसाने. साडू रोज सकाळी त्यात मला एकट्याला सुप्रभात घालतात.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. त्यांच्या गावाचं तसं नाही. खाडीकाठचं त्यांचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्यातले काही हौशी लोक शोधत येतील आणि भिंतीपाशी पोचतील, ती कथा पुढे येतेच आहे. गावाला नव्या वसाहतीत प्लॉट मिळाले, पैसे मिळाले, लोकांनी दोन-दोन मजली घरं बांधली. साडूंनीही बांधलं, खाली हॉल, वर गच्ची, दारात तुळस. पण गावातून सगळ्यात शेवटी निघाले ते साडू. निघताना त्यांनी काय केलं, तर पाराच्या आंब्याला पत्र्याची एक भली मोठी पाटी ठोकली आणि कुठलं घर कुठल्या प्लॉटवर गेलं ते घराघरानुसार तिच्यावर रंगवलं. मी म्हटलं, "साडू, सगळं गाव एकाच वसाहतीत गेलंय, तिचं नाव टाकलं की झालं." त्यावर ते रंगाचा ब्रश माझ्या शर्टाच्या फार जवळ आणून म्हणाले, "साडू, पाव्हना गावाला येत नसतो. कुनाच्या तरी घरी येतो." पुढे टेकडी सपाट करणारी यंत्रं आली, तेव्हा आंबाही गेला आणि पाटीही गेली. ती पाटी वाचून कुणी योग्य घरी पोचलं का, मला ठाऊक नाही. साडू म्हणतात, पोचले असतील.

माझी मेव्हणी, म्हणजे ताई, आगरी मसाला करते. तिच्या हाताचा मसाला घातला की साध्या वांग्या-बटाट्याच्या रश्श्याला माणूस दुसऱ्यांदा भात घेतो. गाव उठल्यावर जुने शेजारी मसाला मागू लागले, त्यांच्या सुना मागू लागल्या, सुनांच्या ऑफिसातल्या मैत्रिणी मागू लागल्या. साडूंची मुलगी प्राची ऐरोलीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिने आईसाठी एक वेबसाइट करून दिली. नाव काय द्यायचं, यावर घरात चर्चा झालीच नाही. साडूंनी गावाचं नाव सांगितलं आणि विषय संपला. आणि गंमत अशी की ती साइट चालली. मोबाइलवर 'आगरी मसाला' असं शोधलं की सगळ्यात वर यांचं नाव यायचं. ठाण्यापासून पुण्यापर्यंतच्या ऑर्डरी यायच्या. उन्हाळ्यात तर ताईच्या हाताखाली गल्लीतल्या आठ-दहा बायका मिरच्या वाळवायला, देठं खुडायला, खडा मसाला भाजायला येऊ लागल्या. त्यांच्या घरचा वर्षाचा बराचसा खर्च या दोन महिन्यांवर निघू लागला.

घोळ झाला तो नावामुळेच. लोक साइटवर गावाचं नाव वाचायचे, सुटीच्या दिवशी सहकुटुंब गाडी काढायचे, नकाशावर गाव शोधायचे आणि थेट विमानतळाच्या कुंपणाच्या भिंतीपाशी जाऊन थांबायचे. तिथला वॉचमन बिहारचा होता. सुरुवातीला तो नम्रपणे सांगायचा. पुढे पुढे खिडकीची काच खाली येताना दिसली की तो लांबूनच ओरडायचा, "मसाला इधर नहीं मिलता." मग गिऱ्हाईक फोन करायचं आणि साडू स्कूटरला किक मारून त्यांना आणायला भिंतीपर्यंत जायचे. नव्या घराचा पत्ता फोनवर सांगता आला असता. पण साडू जायचे, भिंतीपाशी उभे राहून आधी गाव कुठे होतं ते हाताने दाखवायचे आणि मगच गाडीच्या पुढे स्कूटर घालायचे. एकदा एक बाई गाडीत झोपलेलं बाळ घेऊन आल्या होत्या. त्यांनाही साडूंनी भर उन्हात देऊळ, शाळा आणि मिठागराची वाट दाखवली. घरी येईपर्यंत बाळ जागं होऊन किंचाळत होतं. ताईने त्या बाईंना मसाला तर दिलाच, वर बाळाला भात भरवला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरकलो.

त्या दिवशी प्राचीने ठरवलं की साइटचं नाव बदलायचं. आता साइट आईच्या नावाने, पाकिटावर आहे त्याच नावाने, आणि पत्ता नव्या घराचा. पण नाव बदलायचं म्हणजे सर्चमधला पहिला नंबर जाण्याची भीती. मिरचीची पोती आधीच हॉलमध्ये येऊन पडली होती, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी. ऐन हंगामात नंबर गेला तर मिरची घरात आणि ऑर्डरी दुसऱ्याकडे. ताईने विचारलं, "धोका हाय का?" प्राचीने तिला आणि आम्हाला नीट समजावलं. जुना पत्ता बंद करायचा नाही. जुन्या साइटच्या एकेका पानावर एक अदृश्य पाटी लावायची. कुणी जुन्या मसाल्याच्या पानावर आलं, की त्याला कळायच्या आत नव्या मसाल्याच्या पानावर पोचवायचं. सुकटीच्या चटणीच्या पानावर आलं, की नव्या चटणीच्या पानावर. सगळ्यांना नुसतं मुख्य दारात आणून सोडायचं नाही. मग सर्चलाही हळूहळू कळतं, की दुकान तेच आहे, फक्त जागा बदललीय. हे ऐकून साडू खुर्चीत ताठ बसले. "म्हंजे आंब्यावरची पाटी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघू लागले जणू कॉम्प्युटरवाल्यांनी ही युक्ती त्यांच्याकडूनच उचलली होती.

एका शनिवारी प्राचीने पाट्या लावल्या. साडूंनी नव्या साइटसाठी गॅसवर दूध उतू घातलं, मोबाइलला हळदकुंकू लावलं, आम्हाला पुरणपोळी मिळाली. पहिला आठवडा सुरळीत गेला. पहिला नंबर दुसऱ्यावर आला, प्राची म्हणाली इतकं चालतंच. पुढच्या आठवड्यात मात्र नंबर घसरू लागला. चौथा, नववा, मग पहिल्या पानावरूनच गायब. वरती कुठलीशी कंपनी येऊन बसली, जिच्या मालकाने उभ्या जन्मात खाडी पाहिली नसेल. ऑर्डरींचा फोन मुका झाला. गच्चीवर मिरची वाळून खडखडीत झाली, खाली पोत्यांवर पोती चढली. मी भेटायला गेलो तर सोफ्यावर जागा नव्हती, म्हणून एका पोत्यावर टेकलो आणि सलग शिंकत राहिलो. बायका सकाळी येऊन भिंतीला टेकून बसत आणि थोड्या वेळाने उठून जात. ताई त्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलायची, पण तिचं लक्ष फोनकडे असायचं. एवढी खंबीर बाई, पण त्या दिवसांत तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

साडू या काळात फार गप्प होते. मला वाटलं, काळजीने. रविवारी मी तिथेच होतो, बायकाही भिंतीशी बसल्या होत्या; प्राची लॅपटॉप घेऊन आली, मिरचीच्या पोत्यावर तो ठेवून तिने जुना पत्ता टाईप केला आणि स्क्रीनकडे बघतच राहिली.

"बाबा, जुनी साइट चालू कशी आहे?"

साडू पंख्याकडे बघू लागले.

"मी पाट्या लावल्या होत्या. कुणी काढल्या? पासवर्ड तर तुमच्याच मोबाइलवर येतो."

"काडल्या नाय," साडू म्हणाले, "काडायला सांगितल्या."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पाट्या लावल्या त्याच संध्याकाळी साडूंनी हौसेने आपल्या मोबाइलवर जुना पत्ता टाकून पाहिला. गावाचं नाव वर आलं आणि बघता बघता नाहीसं झालं, साइट ताईच्या नावाची. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. त्यांच्या मनाला ते लागलं. दारात आलेल्या माणसाला बस म्हणायचं नाही, पाणी विचारायचं नाही, खांद्याला धरून परस्पर दुसरीकडे ढकलून द्यायचं, ही कुठली पद्धत? त्यांनी साइट सांभाळणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या मुलाने तीन-तीनदा विचारलं, "सर, आप पक्का रिडायरेक्ट हटवाना चाहते हैं?" साडू म्हणाले, "हां भाईसाब, आदमी को दरवाजे से धक्का नहीं मारने का." मग त्याच मुलाच्या मदतीने त्यांनी जुन्या साइटच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर स्वतः लिहिलेला मजकूर चढवला. बाकी पान जसंच्या तसं, तेच मसाले, तेच फोटो.

"गावचा देव हलवला तवा भगत काय म्हनालेला?" साडूंनी बाजू मांडली. "नव्या देवलात देव बसं परेंत जुन्या जागेवरचा दिवा इझवायचा नाय. दोनीकडं दिवा पायजे. मी दोनीकडं दिवा ठेवला."

प्राचीने कपाळाला हात लावला. "बाबा, सर्चला देव नाही कळत हो. त्याला दोन दुकानं दिसतात. माल तोच, फोटो तेच, शब्द तेच. त्यातलं खरं कोणतं ते त्याला समजत नाही, मग ते दोघांनाही मागे टाकतं."

ताई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ओले हात पदराला पुसत पुढे आली आणि म्हणाली, "काय लिवलंय ते वाच." प्राचीने वाचलं. जुन्या घराच्या ओटीचा फोटो होता, आणि त्याखाली साडूंचे शब्द: "या. बसा. पाणी घ्या. गाव आता इथे नाही, पण तुम्ही आलात हे बरं केलंत. समोर दिसते ती आमची ओटी. उजव्या हाताला आंब्याचा पार, तिथून खाली उतरलं की खाडीचा बांध. भरतीच्या वेळी इथे वारा चांगला लागतो. घाई नसेल तर थोडं बसा. मग खाली हात काढलाय त्यावर बोट ठेवा, नव्या घरी पोचाल."

मी शिंक दाबून धरली होती, ती कुठे गेली कळलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला साडूंचा रागही येत होता आणि उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसंही वाटत होतं. ज्या ओटीवर मी लग्नानंतर पहिल्यांदा ताईच्या हातचं जेवलो, ती त्या फोटोत होती. भिंतीशी ताईचं सूपसुद्धा दिसत होतं.

ताई नवऱ्यासमोर खाली बसली. "चांगला लिवलाय," ती म्हणाली. "पन मानूस मसाल्याला आलाय. त्याच्या घरी कालवन व्हायचं हाय, त्याची पोरं भुकेली हायेत. आनि तुमी त्याला दारात उबा करून गाव दाखवता." मग भिंतीशी बसलेल्या बायकांकडे तिने नुसती मान वळवली. "आनि गाव काय त्या फोटोत हाय का? गाव हे इथं बसलंय, हातावर हात ठेवून."

त्या बायकांत साडूंच्या जुन्या घरामागच्या यमूबाई होत्या, देवळाच्या गुरवाची सून होती, खालच्या आळीतल्या दोघी जावा होत्या. साडूंनी एकेकीकडे पाहिलं. पत्र्याच्या पाटीवर त्यांनी या सगळ्यांची घरं आपल्या हाताने रंगवली होती. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी तो प्राचीच्या हातात दिला. "लाव गं पाट्या. सगल्या लाव." आणि उठून गच्चीवर मिरची हलवायला गेले. तिथे हलवण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

नंबर एका दिवसात गेला नव्हता, तसा एका दिवसात आलाही नाही. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला होता. साडू रोज सकाळी सर्च उघडून पाहायचे आणि 'उद्या सकाळी मोरा जेट्टी' या ग्रुपवर मला कळवायचे, "सुप्रभात. आज दुसऱ्या पानावर." मग, "सुप्रभात. पहिल्या पानावर, खालून तिसरे." मी अंगठा पाठवायचो. एके सकाळी नुसतंच "सुप्रभात" आलं, पुढे नंबर नव्हता. फोन केला तर मागून मिरची कांडायच्या मशीनचा आवाज येत होता आणि साडू ओरडून सांगत होते की बोलायला सवड नाही, ऑर्डरी आल्यात, पोती कांडपाला आणून टाकलीत, पाकिटं भरायला माणूस पाहिजे, तुमी येता का. मी गेलो. दिवसभर पाकिटं भरली, शिंकलो, आणि यमूबाईंकडून माझ्या पाकीट भरण्यावरून बोलणीही खाल्ली. संध्याकाळी प्राचीने सर्च उघडून सगळ्यांना दाखवलं. सगळ्यात वर ताईचं नाव होतं. ताईने ते पाहिलं, "बरं," म्हणाली आणि पुढचं पाकीट उचललं. पण रात्रीच्या जेवणाला तिने सुरमई तळली, यावरून काय ते समजावं.

भिंतीपाशी आता कुणी चुकून जात नाही. साडू मात्र त्या वॉचमनला मसाल्याचं पाकीट देऊन आले, कारण ओळख झाली ती झाली. साइटचं जुनं नाव अजून काही काळ पैसे भरून ठेवावं लागेल, असं प्राचीने सांगितलं होतं, म्हणजे पाट्या चालू राहतील. साडूंनी विचारलं, जास्तीत जास्त किती वर्षांचे पैसे एकदम भरता येतात? आणि तेवढे भरून टाकले.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांचा मोबाइल इतका जुना आणि मंद झालाय की ताई वैतागलीय. मी म्हटलं, साडू, आता तरी नवा घ्या, मी येतो दुकानात. ते म्हणाले, "नको. हाच बरा हाय." मग इकडे तिकडे बघून, ताई आत असल्याची खात्री करून, त्यांनी मला जवळ बोलावलं. एका बोटाने एकेक अक्षर दाबत गावाचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरू लागलं. वरच्या पट्टीत गावाचं नाव तसंच होतं. आम्ही दोघं त्याकडे बघत बसलो. "बगा साडू," ते हळूच म्हणाले, "अजून हाय." गोल फिरत राहिलं. मग नाव पुसलं गेलं, ताईचं नाव आलं, मसाल्याचा लालभडक फोटो आला. साडूंनी मोबाइल खिशात ठेवला आणि चहा घेणार का, असं विचारलं.

घरी येऊन मी माझ्या नव्या फोनवर तेच करून पाहिलं. माझ्याकडे ते नाव डोळ्यांनी वाचून व्हायच्या आत निघून जातं. म्हणून हल्ली मी साडूंकडे जरा वरचेवर जातो, आणि निघताना 'येतो' म्हणतो.